यंदा हनुक्क्याची पहिली आणि आठवी वात दोन्ही शुक्रवारी: घरी तयारी कशी करावी?

रास्ता पेठेतली सून

शालोम सगळ्यांना. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. हनुक्का हा आमचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, रोज एक वात वाढवायची.

आमच्या घरी हनुक्क्याचं सगळं आजवर सासूबाई बघायच्या. त्या आता नणंदेकडे इस्राएलमध्ये अश्दोदला राहायला गेल्या. जाताना पितळेची हनुक्किया, म्हणजे या वाती लावायचा दिवा, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता तू लाव. फोनवर बारकावे विचारले की त्यांचं एकच उत्तर, "मनापासून लाव गं, बाकी काही नाही." माहेरी पनवेलला पपा वाती लावायचे, आम्ही बहिणी मागे उभ्या राहून आमेन म्हणायचो. त्यामुळे तेल किती, वात कुठली, हे विचारायची वेळच कधी आली नाही.

यंदा ४ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी पहिली वात आहे. मोजून पाहिलं तर आठवी ११ डिसेंबरला, म्हणजे पुन्हा शुक्रवारीच. शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो, त्याच्या आधी वाती लावायच्या एवढं माहीत आहे, पण किती आधी? त्या किती वेळ जळायला हव्यात? दुकानात मिळतात त्या बारीक मेणबत्त्या अर्ध्या तासात संपतात, मग त्या चालतील का? सासूबाई तेलच वापरायच्या, पण कुठलं ते मी कधी पाहिलं नाही.

दुसरं म्हणजे आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीला पडदे, खाली रस्ता. हनुक्किया खिडकीत ठेवावी की दाराशी?

जेवणाचंही ठरत नाही. शुक्रवारी रात्री नारळाच्या दुधातलं मटण होणारच, मुलांचे बाबा त्याशिवाय शब्बाथ मानत नाहीत. मुलांना गुलाबजाम हवेत. आपल्यात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून मटणावर खव्याचे गुलाबजाम देता येत नाहीत. तळलेलं, गोड आणि दुधाशिवायचं असं काय करता येईल? आमच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनाही एक दिवस बोलवायचं आहे. त्यांची मुलं आणि माझी मुलं एकाच शाळेत आहेत. रविवारी ६ तारखेला बोलवावं असा विचार आहे.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यांत जास्त छळतंय. माझी मुलगी सहावीत आहे. तिने आजीकडून ऐकलंय की पूर्वी कोकणात आपल्या लोकांना हनुक्का माहीतच नव्हता. परवा तिने विचारलं, "पणजोबांच्या पणजोबांनी जो सण केलाच नाही, तो आपला कसा?" मी म्हटलं, नंतर सांगते. मला तिला खरं उत्तर द्यायचंय, काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यायची नाही. कुणी नीट सांगेल का?

पंचांगवाला, ठाणे

वेळेचं तेवढं सांगतो, बाकी जाणकार सांगतीलच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होतो, मुंबई-ठाण्यात सहाच्या सुमारास. शब्बाथचा दिवा सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावतात, म्हणजे पुण्यात साधारण पाच चाळीस. हनुक्क्याच्या वाती त्याच्याही आधी. तेव्हा साडेपाचला हनुक्किया, मग लगेच शब्बाथचा दिवा. क्रम उलटा करू नका, एकदा शब्बाथचा दिवा लागला की पुढे काडी ओढता येत नाही. पाचच्या आधीही लावू नका, ते फार लवकर होतं.

वाती चांदण्या दिसल्यानंतर अर्धा तास तरी जळत्या राहायला हव्यात. साडेपाच ते सात असा दीड तास धरून चाला. म्हणून शुक्रवारी त्या बारीक मेणबत्त्या उपयोगाच्या नाहीत. इतर दिवशी अंधार पडल्यावर लावायच्या असल्याने चालतात. शनिवारी ५ तारखेला शब्बाथ संपल्याशिवाय दुसऱ्या दिवशीच्या वातींना हात लावायचा नाही. आमच्याकडे घरी आधी हव्दाला, म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी, मग हनुक्किया. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळात, आधी हनुक्किया लावतात.

इस्राएल आळी

अगं, सासूबाईंनी हनुक्किया तुझ्या हातात दिली यातच सगळं आलं. पण बारकावे लागतातच, ते विचारलेस हे चांगलं केलंस. माझा जन्म अलिबागचा, इस्राएल आळीतला. नोकरीचा सगळा काळ ठाण्यात शाळेत शिकवण्यात गेला. जमेल तेवढं सांगते.

आधी तेल. अलिबागला आमच्या घरी खोबरेल वापरायचे. सिनेगॉगमधल्या काचेच्या हांड्यांतही तेच. खाली पाणी, वर तेल, त्यात वात. तेल संपलं की पाणी वातीपर्यंत येतं आणि दिवा आपोआप शांत होतो, काच तडकत नाही. कोकणात हे उत्तम चालतं. पुण्यात मात्र खोबरेल घेऊ नकोस. डिसेंबरच्या संध्याकाळी तुमच्याकडे गारठा पडतो आणि बाटलीतलं खोबरेल लोण्यासारखं पांढरं होऊन बसतं. पातळ करून ओतलंस तरी ज्योतीपासून लांबचं तेल पुन्हा थिजतं, वातीला ते ओढता येत नाही आणि ज्योत बारीक होत जाते. ऑलिव्हचं तेल सगळ्यांत मानाचं, कारण यरुशलेमच्या मंदिरातला दिवा त्याचाच होता. ते महाग वाटलं तर तिळाचं घे, शेंगदाण्याचं घे. स्वच्छ जळणारं कुठलंही तेल चालतं.

हनुक्कियेच्या वाट्या लहान असतील तर दीड तास पुरेल इतकं तेल त्यात मावणार नाही. मग त्या दोन शुक्रवारी दुसरी सोय कर. सारख्या उंचीचे छोटे काचेचे ग्लास मिळतात, ते स्टीलच्या ताटात एका सरळ रेषेत मांड. दोन ज्योती एकमेकींत मिसळणार नाहीत इतकं अंतर ठेव. शमाशचा, म्हणजे बाकीच्या वाती पेटवायच्या जादा दिव्याचा, ग्लास थोडा उंचावर, एखादी वाटी पालथी घालून तिच्यावर. ग्लासात दोन बोटं पाणी, वर दोन-तीन चहाचे चमचे तेल. फुलवात नको, ती तेल भराभर पिते. समईची लांब वात घे, बारीक वळलेली. पत्र्याच्या वातधारकातून, नाहीतर बुचाच्या चकतीतून ओवून घे आणि वर गव्हाएवढंच टोक ठेव. टोक जास्त राहिलं तर काजळी धरते. गुरुवारी रात्री एक ग्लास लावून बघ, घड्याळ लावून. दीड तास टिकला की निश्चिंत हो. शुक्रवारी ऐन वेळी वात विझली तर विझली, शब्बाथ लागल्यावर ती परत पेटवायची नाही आणि ताट हलवायचंही नाही. म्हणून ताट आधीच अशा ठिकाणी ठेव की रात्री कुणाच्या पायात येणार नाही.

जागा दाराशीच ठेव. वीस हातांच्या वर, म्हणजे नऊ-दहा मीटरच्या वर, रस्त्यावरच्या माणसाची नजर जात नाही असं आपल्या शास्त्रात धरलंय, आणि चौथा मजला त्याच्या वरच असणार. शिवाय पडद्याची भीती. दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे शास्त्रवचनाची डबी, आहे, तर हनुक्किया डाव्या बाजूला ठेव. आत येणारा माणूस दोन्हींच्या मधून येतो. स्टुलाएवढी उंची पुरे. संध्याकाळी अर्धा तास दार उघडं ठेव. आपल्याकडे इमारतीत येणं-जाणं असतंच, शेजारीपाजारी बघतील, विचारतील. या दिव्याचं कामच ते आहे, मंदिरात एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं तो चमत्कार लोकांना दाखवायचा.

वाती उजवीकडून डावीकडे वाढवत जायच्या, पेटवताना मात्र आज नव्याने ठेवलेली आधी, म्हणजे डावीकडून उजवीकडे. पहिल्या दिवशी तीन बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, पुढे रोज दोन. आपली रीत सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या यहुद्यांची, म्हणून घराची एकच हनुक्किया. पण पहिली वात मोठ्यांनी लावली की पुढच्या दिवसांतल्या वाढीव वाती मुलांना लावू दे. मग तिसावं स्तोत्र म्हणा, मंदिराच्या अर्पणाचं. आणि वाती जळतात तोवर बाईने शिवण, धुणं, झाडलोट करायची नाही अशी जुनी रीत आहे, ती पाळच. हा चमत्कार बायकांच्याही वाट्याला आला, म्हणून वाती लावणं त्यांच्यावरही बंधनकारक आहे. तू लावतेस ते सासूबाई नाहीत म्हणून नव्हे, तो तुझा अधिकारच आहे.

गोडाला घारगे कर. माझी आई हनुक्क्याला तेच करायची. लाल भोपळा किसायचा, त्यात निम्म्याहून थोडा जास्त गूळ घालून मंद आचेवर शिजवायचा. भोपळ्याला सुटतं तेवढंच पाणी, वरून थेंब नाही. गार झालं की मावेल तेवढी कणीक, मूठभर तांदळाचं पीठ, मीठ, वेलची. तासभर झाकून ठेवायचं, केळीच्या पानावर जाडसर थापायचं, वर खसखस दाबायची आणि तेलात तळायचं. दुधातुपाचा संबंध नाही, त्यामुळे मटणावर बिनधास्त वाढता येतात. शुक्रवारी चारच्या आत तळून मोकळी हो. दुसऱ्या दिवशी ते जास्तच चांगले लागतात. किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या प्रार्थनेत प्यायचं, किस्मिसचं शरबत आदल्या रात्रीच भिजत घाल. गुलाबजाम सोमवारी कर, त्या दिवशी जेवण दुधाचंच ठेव, मुलांचंही मन राहील.

शेजाऱ्यांना ६ तारखेला बोलावू नकोस. तो महापरिनिर्वाण दिन. आमच्या इमारतीतली काही कुटुंबं त्या दिवशी दादरला चैत्यभूमीला जातात, तुमच्याकडेही लोक अभिवादनाला जात असतील. कुणाच्या घरी तो दिवस कसा असतो हे आपल्याला आधी ठाऊक हवं. मंगळवारी बोलव, पाचवी वात असेल, ताट भरल्यासारखं दिसतं.

आता तुझ्या लेकीचा प्रश्न. तिला टाळू नकोस, तिचं म्हणणं बरोबर आहे.

आपल्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही आपल्या घराघरातली कथा. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते पाठ असलेलं आणि हाताला सवयीचं होतं: शेमा ही प्रार्थना, शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम. त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणू लागले. सणही होते, पण आपल्या नावांनी. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. दारफाळणी म्हणजेच योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास, हे पुढे कळलं. या यादीत हनुक्का नाही.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला, तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांनी याची संगती अशी लावली: सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस याच्या जुलमाच्या सुरुवातीलाच, इसवी सनापूर्वी १७५च्या सुमाराला, आपले लोक गालीलमधून निघाले. यहुदी सेनानी यहुदा मक्काबीने यरुशलेमचं मंदिर परत मिळवून शुद्ध केलं ते त्यानंतर, इसवी सनापूर्वी १६४च्या सुमारास. जे घडायच्या आधीच निघाले, त्यांना तो सण कसा माहीत असणार? सगळे अभ्यासक ही तारीख मान्य करत नाहीत, आपण नंतर आलो असं म्हणणारेही आहेत. पण हनुक्का आपल्याकडे नव्हता याबद्दल फारसा वाद नाही.

मग तो आला कसा? शिकून आला. आपल्या कथेतले गुरू दावीद रहाबी यांनी आपण यहुदी आहोत ही ओळख आधी पटवली. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं. एकोणिसाव्या शतकात कोचीचे यहुदी शिक्षक कोकणात आणि मुंबईत येऊन शिकवू लागले, बगदादी मंडळी मुंबईत आली, मराठीत प्रार्थनापुस्तकं छापली गेली. घाणा चालवणाऱ्या, पलटणीत नोकरी करणाऱ्या माणसांनी पिकल्या केसांनी नवीन बेराखा पाठ केल्या. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळलं त्यांना तेलाच्या या सणाची गोष्ट तेव्हा कळली. तुझ्या लेकीचे पणजोबा-खापरपणजोबा या शिकणाऱ्यांतलेच.

आणि हे तिला नक्की सांग. हनुक्का तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, नाहीच. तो कुणालाच सिनाय पर्वतावर मिळालेला नाही. मोशेनंतर कितीतरी शतकांनी घडलेल्या गोष्टीसाठी शास्त्र्यांनी नेमलेला सण आहे तो. तरीही वात लावताना आपण म्हणतो, ज्याने आम्हांला वात लावण्याची आज्ञा दिली. तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात शास्त्र्यांनी स्वतःच हा प्रश्न काढला आहे: अशी आज्ञा त्याने कुठे दिली? उत्तर असं की, शास्त्री सांगतील ते पाळा ही आज्ञा तोरामध्ये आहे, त्यात हे आलं. म्हणजे तुझ्या सहावीतल्या लेकीने जे विचारलं ते दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. जगातल्या प्रत्येक यहुदी घरात हा सण कुणीतरी कधीतरी शिकून सुरू केला. पोलंडच्या यहुद्यांनी तसा केला, बगदादच्या केला, आपण केला. आपण उशिरा शिकलो एवढाच फरक. कुणी म्हणत असेल की कोकणी यहुद्यांचा हा उसना सण आहे, तर मला ते मान्य नाही. मी शाळेत मुलांना जे शिकवलं ते त्यांचंच झालं, माझ्याकडून उसनं घेतलेलं राहिलं नाही.

दिमोनाहून

मावशींचं वाचून फार बरं वाटलं. मी लहानपणी आईवडिलांबरोबर इथे इस्राएलला आलो. दिमोनामध्ये आपली मराठी माणसं भरपूर. इथे हनुक्का आला हे सांगावं लागत नाही, महिनाभर आधीपासून बेकरीत सुफगानियोत दिसायला लागतात, मैद्याचे तळलेले गोळे, आत जॅम. मुलांना शाळेला सुट्टी. यरुशलेमच्या जुन्या वस्त्यांत दाराबाहेर काचेच्या पेट्या असतात, वाऱ्याने वात विझू नये म्हणून, त्यात तेलाचे दिवे. आमच्याकडे वाळवंटातली थंडी, संध्याकाळी स्वेटर लागतोच.

पण सांगायचं ते वेगळं. शाळेत माझ्या मुलाला मित्रांनी विचारलं, तुमच्या घरी लाटकेस, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या, करतात का? त्याने सांगितलं, आमच्याकडे बटाटेवडे असतात. त्याच्या बाईंनी मग आम्हांला वडे घेऊन बोलावलं. माझ्या बायकोने वर्गासमोर बसून वडे कसे वळतात ते दाखवलं, पिठात हळद का घालतात तेही सांगितलं. मोरोक्कोच्या एका आजीने त्यांच्या पद्धतीचे स्फेंज आणले होते, मधे भोक असलेले. तळणीचा वास सगळ्यांच्या घरी तोच.

सासूबाई अश्दोदला आहेत ना, त्यांच्यासाठी एक सुचवतो. हिवाळ्यात भारत आमच्या साडेतीन तास पुढे असतो. तुम्ही साडेसहाला वाती लावाल तेव्हा इथे दुपारचे तीन वाजलेले असतात. सोमवार ते गुरुवार कधीही व्हिडिओ कॉल लावा, त्यांना तुमची हनुक्किया बघू दे. मग रात्री तुमच्या झोपायच्या आधी त्या इथली लावतील ती मुलांना दाखवतील, साडेआठ-नऊला. माझी बहीण ठाण्यात असते, आम्ही असंच करतो. तिच्या बेराखांना माझं आमेन, माझ्या बेराखांना तिचं. शुक्रवारी मात्र फोन दुपारीच उरकून घ्या. आणि बेराखा ज्याच्या त्याच्या घरी ज्याने त्याने स्वतःच म्हणायच्या, फोनवर ऐकून आपल्या घरची वात लावल्यासारखं होत नाही.

शेजारचा फ्लॅट

मी यहुदी नाही, पण आमच्या शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब आहे आणि त्यांनी यंदा आम्हांला हनुक्क्याला बोलावलंय. हा धागा शोधतच आलो. जाताना काय न्यावं? आईने करंज्या करून देते म्हटलंय, पण त्यांना चालतील की नाही कळत नाही. आणि तिथे गेल्यावर हात जोडायचे, की नुसतं उभं राहायचं?

इस्राएल आळी

विचारलंत हे छान. आईंना म्हणावं, करंज्यांचा त्रास घेऊ नका. तूप, भांडी, तळणीचं तेल यांचे आमचे नियम असतात आणि यजमानांना नाही म्हणताना वाईट वाटतं. फळं न्या. डाळिंबं, पेरू, केळी, बंद पाकिटातले खजूर नाहीतर अक्रोड. फुलंही चालतील. शुक्रवारी रात्रीचं बोलावणं असेल तर वस्तू दुपारीच पोचवा.

बेराखा म्हणतात तेव्हा शांत उभं राहिलं की झालं. पुरुषांना डोकं झाकायला टोपी देतील, नाहीतर आपला रुमाल बांधा. या वातींचा उजेड फक्त बघायचा असतो, त्याच्या उजेडात वाचायचं नाही, त्यावर उदबत्ती किंवा दुसरा दिवा पेटवायचा नाही. म्हणूनच तर वेगळा शमाश असतो. लहान मुलं वाढदिवसासारखी फुंकर घालायला धावतात, त्यांना घरीच सांगून ठेवा. आणि पोटात जागा ठेवून जा, आग्रह फार होतो.

किहीमचा नातू

एक विचारू का? आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने पोह्यांचं ताट मांडून करायचा, मलिदा करायचा आहे, मुलाला नोकरी लागली म्हणून बोललो होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या टाप्यावर, त्याच्या जागेवर, जायचं की घरीच करायचा, ते अजून ठरलं नाही. तो हनुक्क्यातच केला तर चालेल का? सगळे नातेवाईक त्याच वेळी मुंबईत आहेत.

इस्राएल आळी

चालेल की. हनुक्का आनंदाचे दिवस, उपास आणि शोक यांत नसतो, मग आभाराचा मलिदा कसा अडेल? मात्र मलिदा हनुक्क्याचा विधी नाही, दोन्ही वेगवेगळे ठेवा. ५ तारखेला शनिवारी रात्री करा. शब्बाथ संपताना आपण एलियाहू हन्नाबीचं नाव घेतोच. हव्दाला, मग दुसऱ्या दिवसाच्या वाती, आणि वाती पुऱ्या जळल्या की मलिद्याचं ताट मांडा. पोहे शुक्रवारीच निवडून ठेवा. नारळ मात्र शब्बाथ संपल्यावर खवा, आदल्या दिवशी खवलेला आंबतो. खंडाळ्याला जायचं तर रविवारी सकाळी निघा, दुपारपर्यंत परत येऊन वातींच्या वेळेला घरी पोचता आलं पाहिजे.

रास्ता पेठेतली सून

मावशी, तुमचं उत्तर मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. तालमूदमध्ये तिचाच प्रश्न आहे म्हटल्यावर ती उठून बसली. मग विचारते, त्या शास्त्र्यांची मुलं पण सहावीत होती का. आता तिने वहीत एका पानावर आपल्या जुन्या सणांची नावं लिहिली आहेत आणि खाली रेघ मारून हनुक्का, त्याच्यापुढे "शिकलेला". शिवाय मंगळवारी शेजारच्या मुलांना गोष्ट तीच सांगणार आहे, मी नाही. तिच्या बाबांना तिने मंदिराचं चित्र काढायला बसवलंय.

तेलाचा प्रयोग करून पाहिला. घरात खोबरेल होतं ते आधी लावलं आणि तुम्ही सांगितलं तसंच झालं, थोड्या वेळात कडेने पांढरं व्हायला लागलं. मग तिळाचं घेतलं. समईची वात, गव्हाएवढं टोक, तीन चमचे तेल. पावणेदोन तास स्वच्छ जळलं. ग्लास आमच्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमधल्या एका काकूंनी दिले, त्यांच्याकडे सारख्या उंचीचा पूर्ण संच होता. त्यांनी आम्हांला गुरुवारी, सातव्या वातीला सिनेगॉगमध्ये यायला सांगितलंय. घरच्या वाती आधी लावून मग जाऊ ना? की तिथे लावल्या की घरच्या झाल्या असं समजायचं?

पंचांगवाला, ठाणे

नाही, तिथल्या वाती सगळ्या समाजाच्या, घरच्या त्यात होत नाहीत. मुंबईत गेटवेला हजारो लोकांसमोर लावली तरी घरी येऊन आपली लावायचीच. गुरुवारी अंधार पडला की सव्वासहा-साडेसहाला घरी लावा, अर्धा तास बसा, मग निघा. तुम्ही रास्ता पेठेतच राहता, सातला निघून चालत पोचाल. निघताना वाती अजून जळत असतील तर घरात कुणीतरी मोठं माणूस थांबू द्या, नाहीतर अर्धा तास झाल्यावर विझवून निघा, तेवढ्याने कर्तव्य पूर्ण होतं. उरलेलं तेल आणि वाती स्वयंपाकात किंवा दुसऱ्या दिव्यात वापरू नका, शेवटच्या दिवसानंतर एकत्र करून जाळून टाका.